प्रति: ट्रायप्लाय की सँडविच बॉटम?

ताई, ट्रायप्लाय (स्टील-ॲल्युमिनियम-स्टील अशा तीन थरांच्या) कढईत पोहे चिकटले म्हणून लगेच सँडविच बॉटमकडे वळू नका. आतला पत्रा दोन्हींत स्टीलचाच, चिकटायचं ते चिकटणारच. फरक कडेला कळतो. सँडविचमध्ये ॲल्युमिनियमची चकती फक्त बुडाला. माझ्या तशा पातेल्यात बासुंदी आटवताना चकती संपते नेमकं तिथेच गोल तपकिरी कडं धरतं. ट्रायप्लायमध्ये ॲल्युमिनियम काठापर्यंत जातं.

कढई आधी कोरडी तापवा. पाण्याचा थेंब मोत्यासारखा पळायला लागला की आच कमी, तेल, मग मोहरी.

वरण-आमटीला सँडविच पुरे, उगाच पैसे घालवू नका. घेताना आतला पत्रा ३०४ स्टीलचा, म्हणजे १८/८ (साधारण १८% क्रोमियम, ८% निकेल) आहे ना, तेवढं बघा. (बाहेरचा बहुधा ४३० म्हणजे चुंबक चिकटणाऱ्या स्टीलचा असतो, इंडक्शनसाठी. ती फसवणूक नव्हे.)