जाम झालेली बाईक देऊन जुनी स्कॉर्पिओ घ्यावी का? (इंदूर)

लोकमान्यनगरकर
नमस्कार मंडळी. माझी ३५० सीसीची बाईक दिवाळीपासून घरासमोर ताडपत्रीखाली उभी आहे, ऑईल पंप गेला आणि इंजिन जाम. मेकॅनिक म्हणतो पिस्टन, बोअर, क्रँक सगळंच खोलावं लागेल, चाळीसएक हजार धरून चला आणि उघडल्यावर अजून काय निघेल ते आत्ता सांगता येत नाही. आता ओळखीतल्या एकाकडे २०१२ ची डिझेल स्कॉर्पिओ आहे, एमपी ०९ चीच, त्याच्या मुलाला जुन्या बाईक दुरुस्त करून चालू करायचा नाद, तर तो म्हणतोय बाईक आहे तशी दे, वर दोन लाख दे आणि गाडी घेऊन जा. आईचे गुडघे दुखतात, तिला महेश्वर-ओंकारेश्वरला न्यायचं म्हणजे दर वेळी टॅक्सी करावी लागते म्हणून मन गाडीकडे ओढतंय. पण रोजचं माझं पीथमपूर, सध्या कंपनीच्या बसने जातोय. काय करू?

रामबागवाला
भाऊ, दोन सौदे एकात मिसळू नका. आधी विचारा की बाईक नाही दिली, नुसते पैसे दिले तर गाडी केवढ्याला? तो आकडा आला की बाईकचे किती धरलेत ते लगेच कळेल. मग बाईक दोन-तीन गॅरेजवाल्यांना दाखवा, इंजिन जाम असलं तरी टाकी, चाकं, चेसिस आणि कागद धड असतील तर ३५० ला गिऱ्हाईक मिळतंच. आणि गाडी घेतली तरी बस सोडू नका. रोज पीथमपूर जाऊन-येऊन स्कॉर्पिओने केलं तर डिझेलचाच हप्ता बसेल.

डिझेलवाले काका
गाडी सकाळी बघ, थंड असताना. बॉनेटला हात लावून बघायचा, गरम लागला तर त्याने आधीच सुरू करून ठेवली होती असं समज. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघड, आत साईसारखा तेलकट थर दिसला तर परत फिर. मग इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण काढ, धूर भकभक बाहेर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, आणि डिझेल इंजिनचं काम निघालं तर तुझ्या बाईकच्या चाळीस हजारांत काहीच भागणार नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, आतल्या टोकाला चिखलाचे डाग असले तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. टायर जुने निघाले तर चारही बदलायचे पैसे सौद्यातून कापून घे. आणि मानपूरच्या घाटात चालवून बघितल्याशिवाय हो म्हणू नकोस, सपाट रिंगरोडवर सगळ्याच गाड्या छान पळतात.

सुदामानगरची ताई
कागदांचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. परिवहनच्या साईटवर नंबर टाकून बघ, गाडीवर लोन दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरून लोन काढायचा) होईपर्यंत एक रुपया देऊ नकोस. चलान बाकी आहेत का तेही बघ. २०१२ ची म्हणजे २०२७ मध्ये पंधरा वर्षं भरतात, पुढे फिटनेस करून पाच वर्षांचं रिन्यूअल. दिल्लीतला दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांच्या बंदीचा नियम इथे नाही, ती भीती काढून टाक.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुझी बाईकही नावावरून उतरली पाहिजे, मालक बदलायचे फॉर्म २९ आणि ३० दोन्ही गाड्यांचे भरायचे. पोराने बाईक दुरुस्त करून रस्त्यावर काढली आणि कोणाला धडक दिली तर कागदोपत्री मालक तूच, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हेच सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावर जबाबदारी येते. ओळखीतलं आहे म्हणून लोक इथेच ढिलाई करतात रे.

लोकमान्यनगरकर
ताई, आत्ताच साईटवर बघितलं, लोन अजून दिसतंय. तो म्हणतो केव्हाच फेडलंय, फक्त आरसीवरून काढायचं राहिलंय. मी सांगितलं, आधी ते काढा मग बोलू. नुसत्या पैशांत गाडी दोन लाख वीसला म्हणतोय, म्हणजे बाईकचे फक्त वीस धरले, आणि इथल्या एका गॅरेजवाल्याने फोटो बघूनच तीस सांगितलेत! तेव्हा बाईक वेगळीच विकतो. काका, रविवारी सकाळी मोकळे असाल तर याल का सोबत? गाडी अन्नपूर्णा रोडला असते.

डिझेलवाले काका
येतो, सातला. त्याला आत्ताच फोन करून सांग, आम्ही पोचेपर्यंत चावी लावायची नाही.