शब्दचर्चा : निधी ‘पुनर्संचयित’ करायचा की आणखी काही?

शब्दवेल्हाळ : एक अनुवाद तपासायला आलाय. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात आंद्रे कार्सन, प्रमिला जयपाल आणि जॅन शाकोवस्की यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये एक विधेयक मांडलं. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ‘उन्र्वा’ला अमेरिकेचे बंद झालेले पैसे परत सुरू व्हावेत, यासाठी. अनुवादात आहे : ‘पॅलेस्टिनी शरणार्थींच्या मानवतावादी मदतीचा निधी पुनर्संचयित करणारा कायदा.’ वाचून दात आंबले. कुठून सोडवायला घ्यावं?

बखरवाचक : ‘पुनर्संचयित’पासून. संचय म्हणजे साठा. संगणकात दडलेली जुनी फाइल परत आणताना हा शब्द कदाचित खपेल, पण इथे साठा होताच कुठे? उन्र्वा चालते ती बहुतांशी देशांनी स्वेच्छेने वेळोवेळी दिलेल्या पैशांवर. एकेका देशाच्या वाट्याला मी ‘अंशदान’ म्हणेन. ‘वर्गणी’ही चालली असती, पण गणपती आठवतो. ‘पूर्ववत सुरू करणे’ यात काय वाईट आहे?

नोटरी : वाईट काही नाही, पण आधी काय झालं होतं ते त्यात कळत नाही. पैसे न देण्याचे तीन प्रकार झालेत आणि मराठी बातम्या तिन्हींना ‘निधी रोखला’ म्हणतात. ऑगस्ट २०१८ मध्ये ट्रम्प प्रशासनाने देणं बंद केलं आणि एप्रिल २०२१ मध्ये बायडेन प्रशासनाने पुन्हा सुरू केलं. दोन्ही वेळा सरकारचा निर्णय पुरला. जानेवारी २०२४ मध्ये, हमासने ७ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात उन्र्वाचे काही कर्मचारी सामील होते असा आरोप इस्रायलने केला, तेव्हा अमेरिकेसह अनेक देशांनी दिली ती ‘स्थगिती’. (पुढे संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत नऊ जण सामील असू शकतील असं निघालं आणि त्यांना काढून टाकलं.) कॅनडा, स्वीडन, जर्मनी, ब्रिटन एकेक करून परतले. अमेरिकेत मात्र मार्च २०२४ मध्ये खर्चाच्या कायद्यातच तरतूद घातली की २५ मार्च २०२५ पर्यंत उन्र्वाला पैसे देता येणार नाहीत. ही ‘बंदी’. ती नुसत्या निर्णयाने उठत नाही, त्याला दुसरा कायदा लागतो. म्हणून तर हे विधेयक. शीर्षकात ‘निधीबंदी उठवणे’ यायलाच हवं.

आणि ‘कायदा’ आधी काढा. ते मंजूर झालेलं नाही. अमेरिकेत नवी काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, भरली की मंजूर न झालेली जुनी विधेयकं व्यपगत होतात, म्हणजे आपोआप संपतात, म्हणून कार्सन यांनी २०२५ मध्ये ते पुन्हा मांडलं. बंदी त्याआधीच लांबवली गेली होती, आणि फेब्रुवारीत उन्र्वाला पैसे न देण्याचा ट्रम्प यांचा वेगळा आदेशही निघाला होता.

शब्दवेल्हाळ : ‘व्यपगत’ छानच! पण शरणार्थींचं काय करू?

कल्याण_पूर्व : आमच्या शेजारच्या उल्हासनगरला अजून ‘कॅम्प नंबर चार’ असा पत्ता सांगतात. फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांना इथे ‘निर्वासित’च म्हणायचे. निर्वासित म्हणजे राहत्या घरातून काढलेला, शरणार्थी म्हणजे आसरा मागणारा. पहिल्यात कुणीतरी काढलं हे येतं, दुसऱ्यात फक्त मागणं उरतं. माझं मत निर्वासितला.

उलटी_गंगा : पण अरबीत रूढ शब्द ‘लाजिऊ’, म्हणजे आसऱ्याला गेलेला. तो शरणार्थीच्या जवळ जातो. हुसकावल्यावर भर द्यायचा असेल तर ते लोक ‘मुहज्जर’ म्हणतात. त्यामुळे मूळ भाषेचा कौल तुमच्याकडे नाही. मराठीचा कौल आहे, तेवढा मला पुरतो.

जाता जाता : छावण्यांमधले लोक उन्र्वाला ‘अल्-वकाला’ म्हणतात. आपला वकील त्याच धातूतला. मदत, रक्कम, कायदा हेही अरबीतूनच आले. म्हणजे या वादातले निम्मे शब्द तिकडचेच.

बखरवाचक : ‘विस्थापित’ मात्र निर्वासितच्या जागी घालू नका. कोयना-नर्मदेमुळे तो शब्द आपल्याकडे देशातल्या देशात उठवलेल्यांसाठी पक्का झालाय. गाझातले सुमारे ७० टक्के लोक १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धामुळे आधीच नोंदलेले निर्वासित होते, २०२३ पासून ते विस्थापितही झाले. एका शब्दात दोन्ही कोंबलं तर वाक्य खोटं होतं.

शिवाय संस्थेच्या नावात ‘पॅलेस्टिनी’ नाही, ‘पॅलेस्टाईनचे निर्वासित’ आहे. १ जून १९४६ ते १५ मे १९४८ या काळात ज्याचं नेहमीचं घर पॅलेस्टाईनमध्ये होतं आणि १९४८ च्या युद्धात घर आणि पोटापाण्याचं साधन दोन्ही गेलं, तो निर्वासित. कसोटी वास्तव्याची आहे, वंशाची किंवा धर्माची नाही. इस्रायलच्या हद्दीतल्या विस्थापितांना, त्यांत ज्यूही होते, १९५२ पर्यंत उन्र्वाच बघत होती.

शब्दवेल्हाळ : राहिलं ‘मानवतावादी’.

उलटी_गंगा : मानवतावाद ही विचारसरणी. ‘मानवतावादी मदत’ म्हटलं की मला मानवेंद्रनाथ रॉय यांचा मानवतावाद मानणारी रॉयवादी मंडळी धान्य वाटताना दिसतात. ‘मानवीय’ला हिंदी वृत्तवाहिनीचा वास येतो.

नोटरी : मला ‘मदत’च अपुरी वाटते. उन्र्वाच्या इंग्रजी नावात ‘रिलीफ अँड वर्क्स’ आहे, त्यातला दुसरा अर्धा भाग कुणी बघत नाही : साहाय्य आणि ‘कामं’. डिसेंबर १९४९ चा ठराव झाला तेव्हा कल्पना अशी होती की निर्वासितांना नुसता शिधा न देता बांधकामांवर रोजगार द्यायचा. मराठीत याला नेमका शब्द आहे, दुष्काळी कामं. ती योजना फारशी चालली नाही, पण नाव राहिलं. आज बराचसा खर्च शाळा आणि दवाखान्यांवर होतो. २०२३ च्या युद्धाआधी जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, पश्चिम किनारा, गाझा मिळून पाच लाखांवर मुलं या शाळांत होती. मराठी वाचक ‘मदत थांबली’ वाचून पिठाची पोती डोळ्यांपुढे आणतो, प्रत्यक्षात मास्तरांचा पगारही अडतो.

कल्याण_पूर्व : भारतही दरवर्षी ५० लाख डॉलर देतो. त्याला आपली वर्तमानपत्रं कधी ‘मदत’ म्हणतात, कधी ‘योगदान’. तिथेही अंशदान बसेल.

शब्दवेल्हाळ : मग असं करते : ‘पॅलेस्टाईनच्या निर्वासितांसाठीच्या उन्र्वा संस्थेवरील निधीबंदी उठवून अमेरिकेचे अंशदान पूर्ववत सुरू करण्याबाबतचा प्रस्तावित कायदा.’

नोटरी : अजून ‘कायदा’ आहेच. विधिमंडळाची शैली हवी असेल तर शेवट ‘सुरू करण्याकरिता विधेयक’ असा करा. ताई, ‘प्रस्तावित’ मग आपोआप गळतं.