सिरॅमिक ऑइल अ‍ॅडिटिव्हने मरीन डिझेलचं इंधन खरंच वाचतं का?

प्रश्न: मी जहाजावर सेकंड इंजिनिअर. आमच्या फोर-स्ट्रोक जनरेटरच्या संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या तेलटाकीत) बोरॉन नायट्राइड या सिरॅमिक पुडीचं अ‍ॅडिटिव्ह टाकायचं घाटतंय. घर्षण घटेल हे पटतं, पण आमचं प्युरिफायर (तेल गरगर फिरवून घाण वेगळी काढणारं यंत्र) अखंड चालू असतं. ही पूड स्लजमध्येच, म्हणजे बाहेर काढलेल्या गाळातच, जाणार नाही का?

प्रतिसाद १: शंका रास्त आहे. ही पूड तेलात विरघळत नाही, नुसती तेलात पसरून राहते. तेलाची घनता ०.९च्या आसपास, हिची दुपटीहून जास्त. कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या की प्युरिफायर त्या बाहेर फेकणारच. म्हणून कणांचा आकार लेखी मागा. आणि फायदा कुठे, तेही बघा. हिचे थर ग्राफाइटसारखे एकमेकांवरून सरकतात, पण उपयोग तेलाचा पापुद्रा तुटतो तिथेच: टीडीसीजवळ (पिस्टन सगळ्यात वर पोचतो तिथे), पिस्टनची रिंग आणि सिलिंडरचा लायनर (आतलं अस्तर) यांच्यामध्ये. क्रँकशाफ्टला आधार देणाऱ्या मेन बेअरिंगला पूर्ण पापुद्रा असतो, तिथे ही पूड काय करणार?

प्रतिसाद २: टाकायचंच तर एकाच जनरेटरमध्ये टाका, दुसरा तसाच ठेवा. दोन्हींचा लोड आणि इंधन सारखं ठेवून इंधनाचा खप ग्रॅम प्रति किलोवॅट-तासात मोजा. चार्ज एअरचं (इंजिनात दाबाने जाणाऱ्या हवेचं) तापमानही लिहून ठेवा, त्यानेही आकडा हलतो. आधी तेलाचा नमुना तपासून घ्या. काही तेलांत बोरॉन मुळातच असतं, मग नंतर सापडलेलं बोरॉन पुडीचंच की तेलाचं हे कळणार नाही. इंजिन बनवणाऱ्यांची लेखी संमती नसेल तर मी हात लावणार नाही, वॉरंटीचा प्रश्न आहे.

प्रश्नकर्ता: आभार! कणांचा आकार आजच विचारतो. नमुना उद्या काढतो, प्युरिफायरच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडून.