जुन्या ट्रॅव्हलर कॅम्परच्या पुढच्या चाकाचा आवाज : संपूर्ण हब घ्यावा की केवळ बेअरिंग बदलावे?

प्रश्न : भटकंती_ठाणे (वर्तकनगर)

नमस्कार. आमच्याकडे २००३ सालची बजाज टेम्पोची ट्रॅव्हलर आहे. मागची आसने काढून तिच्यात दोन बिछाने, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या बसवल्या आहेत, आणि या बदलाची नोंद परिवहन कार्यालयात रीतसर करून घेतली आहे. पावसाळ्यानंतर माळशेजमार्गे जुन्नरला जाऊन आल्यापासून पुढच्या डाव्या चाकातून घूं-घूं असा सलग आवाज येतो. वेग वाढला की तो वाढतो आणि गाडी उजवीकडे वळवली की अधिक स्पष्ट ऐकू येतो. चाक जॅकवर उचलून हलवले असता किंचित ढिलेपणाही जाणवतो.

येथील एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. चाक न उघडताच त्यांनी दोन्ही बाजूंचे हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग), ड्रम आणि बेअरिंग असा संपूर्ण संच बदलावा लागेल, इतक्या जुन्या गाडीचे सुटे बेअरिंग आता मिळत नाही, असे सांगितले. सांगितलेला खर्च आम्हाला जड आहे. मात्र चाकाचा प्रश्न असल्यामुळे सुरक्षिततेशी तडजोड करण्याची इच्छा नाही. या गाडीत माझे आई-वडीलही प्रवास करतात. खरोखरच पूर्ण हब बदलावा लागतो का, आणि ठाणे किंवा नवी मुंबईत योग्य दर्जाचे भाग रास्त किमतीत कोठे शोधावेत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : जुना_फिटर (ऐरोली)

आपण केलेले वर्णन बेअरिंगकडेच बोट दाखवते. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर सरकतो, म्हणून डाव्या बाजूचे झिजलेले बेअरिंग त्या वेळी अधिक बोलते. तरीही खर्च करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. टायर विषम झिजलेला असला तरी असाच आवाज येतो. मात्र डांबरी रस्त्यावरून काँक्रीटच्या रस्त्यावर जाताच टायरचा आवाज पालटतो, बेअरिंगचा तसाच राहतो. दुसरी तपासणी ढिलेपणाची. चाक उचलून वरच्या आणि खालच्या टोकाला धरून हलवावे, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी ब्रेक दाबून ठेवण्यास सांगावे. ब्रेक दाबताच ढिलेपणा नाहीसा झाला, तर दोष बेअरिंगमध्ये आहे. तो तसाच राहिला, तर किंग पिनकडे (पुढचे चाक ज्या खिळीभोवती वळते तिच्याकडे) पाहावे लागेल, आणि अशा वेळी नवीन बेअरिंग घालूनही गाडी सुधारणार नाही.

आता मुख्य मुद्दा. सुटे बेअरिंग मिळत नाही, हे विधान मला मान्य नाही. वाहन तयार करणाऱ्या कंपन्या चाकांचे बेअरिंग सहसा स्वतः बनवत नाहीत. त्या ते बेअरिंगच्या कारखान्यांकडून घेतात आणि स्वतःच्या खोक्यात घालून विकतात. अशा जुन्या गाड्यांच्या पुढच्या हबमध्ये बहुधा दोन टेपर रोलर (निमुळत्या रोलरांची) बेअरिंग असतात, आतल्या बाजूला मोठे आणि बाहेरच्या बाजूला लहान. प्रत्येकाचे दोन भाग असतात : हबमध्ये घट्ट बसणारी बाहेरची कडी म्हणजे कप, आणि रोलरांसह आतली कडी म्हणजे कोन. प्रत्येकावर क्रमांक कोरलेला असतो. म्हणून दुकानात जाऊन गाडीचे नाव आणि साल सांगू नये, हा क्रमांक सांगावा. गाडीचे नाव तेच असले तरी मॉडेल बदलताना हब बदललेला असू शकतो, आणि चुकीचा भाग पदरात पडण्याचे हेच मुख्य कारण आहे.

क्रमांक वाचणे कठीण नाही. मेट्रिक मापाच्या पाच अंकी क्रमांकात पहिला ३ टेपर रोलर दर्शवतो, आणि शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतील छिद्राचे माप मिलिमीटरमध्ये मिळते. ३२२०७ म्हणजे ३५ मि.मी. छिद्र, ३२२०८ म्हणजे ४०. येथे एक धोका मुद्दाम सांगतो. ३०२०७ आणि ३२२०७ या दोहोंचे आतील माप ३५ आणि बाहेरील माप ७२ मि.मी.च असते. एकाच्या जागी दुसरे सहज बसते. परंतु पहिल्याची एकूण जाडी १८.२५ मि.मी. आणि दुसऱ्याची २४.२५ मि.मी. आहे. सहा मिलिमीटरचा हा फरक हबची जागा बदलतो, आणि जाडच्या जागी पातळ बसवल्यास भार पेलण्याची क्षमताही कमी होते. ‘हेच चालते’ असे कोणी म्हटले तरी व्हर्नियरने तिन्ही मापे घेतल्याशिवाय खरेदी करू नये. एलएम ११९४९ यांसारखे अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक इंची मापाचे असतात, त्यांना वरचा नियम लागू नाही. त्यांत कप आणि कोन यांचे क्रमांकही वेगवेगळे असतात, ते दोन्ही टिपून घ्यावेत.

कोन नवीन आणि कप जुना असे कधीही करू नये. रोलर आणि कप यांचे पृष्ठभाग एकमेकांबरोबर झिजतात. जुन्या कपावरचा सूक्ष्म खड्डा नव्या रोलरला लवकरच खराब करतो.

खरेदीसाठी आपल्याला दूर जावे लागणार नाही. वागळे इस्टेट आणि तुर्भे येथे कारखान्यांना माल पुरवणारी बेअरिंगची दुकाने आहेत. तेथे न मिळाल्यास मुंबईत नागदेवी स्ट्रीट आहेच. एसकेएफ, एफएजी, टिमकेन, एनबीसी यांपैकी कोणतेही खात्रीचे बेअरिंग घ्यावे, मात्र पक्के बिल घ्यावे. नकली बेअरिंगचा सुळसुळाट आहे, आणि खोका व छपाई पाहून ओळखणे अनुभवी माणसालाही अवघड जाते. एसकेएफचे ऑथेंटिकेट नावाचे ॲप आहे. त्यावरून छायाचित्रे पाठवून अस्सलपणाची विचारणा करता येते. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त दिले जात असेल, तर ते नाकारावे. बचत क्रमांकाने खरेदी केल्यामुळे होते, हलक्या प्रतीचा माल घेतल्यामुळे नव्हे.

उत्तर : कळंबोली_वर्कशॉप (नवी मुंबई)

वरील उत्तर अचूक आहे. आमच्या कळंबोली भागात मालमोटारींची कामे रोज चालतात, त्यामुळे प्रत्यक्ष कामाविषयी थोडे लिहितो. काम स्वतः करणार नसाल, तरी मेकॅनिकजवळ उभे राहून या गोष्टी पाहून घ्याव्यात.

गाडी सपाट आणि कठीण जमिनीवर उभी करून मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. जॅकने उचलल्यानंतर एक्सलखाली घोडी (आधाराचा लोखंडी स्टँड) दिल्याशिवाय कोणीही हात घालू नये. कॅम्परमधील पाण्याची टाकी रिकामी करावी, कारण हलणाऱ्या पाण्याने उचललेली गाडी डोलते. ड्रम काढल्यावर आतील धूळ हवेच्या दाबाने उडवू नये. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. धूळ ओल्या कापडाने पुसून घ्यावी.

टोपी, स्प्लिट पिन, नट आणि वॉशर काढले की बाहेरचे बेअरिंग हातात येते. हब ओढून घेतल्यावर आतले बेअरिंग आणि ऑइल सील (ग्रीस बाहेर आणि पाणी आत जाऊ न देणारी रबरी कडी) राहते. येथेच थांबून सर्व भाग रॉकेलमध्ये धुवावेत, कोरडे करावेत आणि उजेडात नीट पाहावेत. मात्र धुतलेले बेअरिंग कंप्रेसरच्या हवेने गरगर फिरवण्याची अनेकांना सवय असते, ती धोकादायक आहे. रोलर धरून ठेवणारा जुना पिंजरा तुटून रोलर उडू शकतात.

कप काढताना पितळी सळई वापरावी आणि एकदा एका बाजूला, एकदा समोरच्या बाजूला असे हलके ठोके द्यावेत. नवा कप बसवण्यासाठी जुना कप बाहेरून किंचित घासून त्याचाच ठोकणी म्हणून उपयोग करता येतो. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज भरीव होतो. तो पूर्ण टेकला नाही, तर काही दिवसांत सरकतो आणि आज लावलेला नट उद्या आपोआप ढिला झालेला दिसतो. बेअरिंग खराब निघाले, अशी तक्रार घेऊन परत आलेल्या अनेक गाड्यांत मला हेच कारण आढळले आहे.

ग्रीस उष्णता सहन करणारे, चाकांच्या बेअरिंगसाठीचे लिथियम कॉम्प्लेक्स प्रकारचे घ्यावे. घाटातील लांब उतारावर ब्रेकची उष्णता थेट हबमध्ये जाते आणि साधे ग्रीस पातळ होऊन सीलबाहेर लायनरवर येते. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूने दाबत राहावे, ते दुसऱ्या बाजूने रोलरांच्या मधून बाहेर येईपर्यंत. जुने ग्रीस संपूर्ण काढावे, कारण निरनिराळ्या प्रकारची ग्रीस एकत्र आली तर मऊ पडतात. हबची पोकळी मात्र ठासून भरू नये. साधारण अर्ध्यापर्यंत पुरते.

नट आवळण्याचे काम सर्वांत नाजूक आहे. हब हाताने फिरवत ठेवून नट घट्ट करावा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. नंतर तो सैल करून केवळ बोटांच्या जोराने पुन्हा टेकवावा आणि जवळच्या खाचेत नवीन स्प्लिट पिन घालावी. पिन बसत नसेल, तर नट पुढे आवळू नये, किंचित मागे घ्यावा. अशा बेअरिंगमध्ये सर्वसाधारणपणे मिलिमीटरच्या शतांशात मोजता येईल इतकाच ढिलेपणा ठेवतात, म्हणजे ०.०३ ते ०.१२ मि.मी.च्या आसपास. आपल्या गाडीच्या सेवापुस्तिकेत आकडा दिला असेल, तर तोच पाळावा. पान्याने पूर्ण जोर देऊन आवळलेले टेपर बेअरिंग तापते आणि जळते.

सील दर वेळी नवीनच घालावे. त्यावरील तीन आकडे म्हणजे शाफ्टचे माप, बाहेरचे माप आणि जाडी. सीलच्या ओठाची (आतल्या रबरी कडेची) स्प्रिंगची बाजू ग्रीसकडे असावी.

उत्तर : सहकुटुंब_भ्रमंती (खारघर)

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. बेअरिंग बदलाच, परंतु ते का गेले याचाही शोध घ्यावा. कॅम्पर केल्यावर प्रवाशांचे वजन जाते, मात्र पाणी, बॅटऱ्या, लाकूडकाम आणि गॅसची टाकी यांचे वजन कायमचे बसते. शंभर लिटर पाणी म्हणजेच शंभर किलो. प्रवासाच्या तयारीनिशी गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि आधी फक्त पुढची चाके, मग पूर्ण गाडी असे वजन करून घ्यावे. डावी-उजवी बाजूही जमेल तर पाहावी. सगळा ओटा आणि टाकी एकाच बाजूला असलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्या बाजूचे बेअरिंग, पाटे आणि टायर तिन्ही लवकर झिजतात.

याशिवाय आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचते. हबपर्यंतच्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर सीलमधून पाणी आत शिरते आणि ग्रीस पांढरट होते. नंतर गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, की रोलर जेथे टेकलेले असतात तेथेच गंज धरतो. कॅम्पर वर्षातील बराच काळ उभ्याच असतात, म्हणून पावसाळा संपल्यावर हब उघडून पाहणे मी आवश्यक मानतो. धुलाई केंद्रातील जोरदार फवारा हबच्या मागील बाजूस मारू देऊ नये.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : भटकंती_ठाणे (वर्तकनगर)

सर्वांचे मनापासून आभार. दुसऱ्या एका मेकॅनिककडून माझ्यासमोर हब उघडून घेतला. ब्रेक दाबून तपासणी केली तेव्हा ढिलेपणा नाहीसा झाला, त्यामुळे किंग पिन ठीक असावी. आतल्या बेअरिंगच्या कपावर एका बाजूला खवले निघाल्यासारखे खड्डे आहेत आणि कोनाच्या आतील पृष्ठभागावर निळसर छटा आहे. ग्रीस फिकट आणि पाणचट झालेले होते. दोन्ही बेअरिंगचे क्रमांक स्वच्छ वाचता आले आणि वागळे इस्टेटमधील एका दुकानात दोन्ही उपलब्ध असल्याचे कळले. त्यांची किंमत आधी सांगितलेल्या खर्चाचा लहानसा भाग आहे. प्रश्न एवढाच उरतो की, निळसर छटेमुळे हब किंवा स्टब एक्सल (ज्या दांड्यावर बेअरिंग बसतात तो) टाकून द्यावा लागेल का? आणि उजवे चाक आवाज करत नसताना तेही उघडावे का?

उत्तर : जुना_फिटर (ऐरोली)

निळसर छटा म्हणजे तो भाग अतिशय तापला होता. बेअरिंग तर जाणारच आहे, परंतु आता स्टब एक्सल नीट पाहावा. ज्या जागी कोन बसतो ती जागा पुसून नखाने चाचपावी. नख अडकेल अशी खाच किंवा कडा असेल, अथवा स्टबचे पोलाद स्वतःच निळे पडले असेल, तर तो वापरू नये. मायक्रोमीटरने माप घेऊन खात्री करावी, त्यासाठी वागळे इस्टेटमधील कोणताही लेथवाला मदत करील. नवा कोन स्टबवर हाताने सरकवण्याइतका सैल असणे पुढच्या चाकांत स्वाभाविक आहे. डगडगणे स्वाभाविक नाही.

हबच्या बाबतीत एकच निर्णायक कसोटी आहे. कप ठोकून काढावा लागला, तर हब चांगला. तो हाताने निघाला किंवा हबच्या आतल्या भिंतीवर फिरल्याच्या चकचकीत रेघा असतील, तर कप हबमध्ये फिरत होता आणि हब बदलणेच योग्य. पंचने टिंब मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून कप घट्ट बसवण्याचा उपाय कोणी सुचवला, तर कृपया परवानगी देऊ नका. मालवाहू गाडीत असो वा कुटुंबाच्या, तो उपाय टिकत नाही. अशा वेळी कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात याच मॉडेलचा हब शोधता येईल. तो घेतानाही नवा कप सोबत न्यावा आणि भिंतीचे माप घेऊनच पैसे द्यावेत. तडा आहे का, हे हबवर हलकेच ठोकून आवाजावरून पाहावे.

उजवे चाक अवश्य उघडावे. दोन्ही चाके त्याच पाण्यातून गेली आहेत. ग्रीस चांगले आणि पृष्ठभाग गुळगुळीत असतील, तर बेअरिंग बदलण्याचे कारण नाही. धुऊन, नवे ग्रीस आणि नवे सील घालून तेच बसवावे. मात्र प्रत्येक कोन ज्या कपातून निघाला त्यातच परत जायला हवा, अदलाबदल होऊ देऊ नये.

उत्तर : कळंबोली_वर्कशॉप (नवी मुंबई)

एक पुरवणी. मागे जोडचाके असतील, तर मागचा एक्सल बहुधा फुल फ्लोटिंग प्रकारचा (गाडीचा भार शाफ्टवर न येता हबच्या बेअरिंगवर येणारा) असेल. तसे असल्यास तेथील बेअरिंगला सहसा गिअर ऑइल मिळते, आणि दोन नट व मधला लॉक वॉशर अशी वेगळी रचना असते. तेथे पुढच्यासारखी स्प्लिट पिन शोधू नये. मागच्या ड्रमच्या आतून तेल ओघळलेले दिसत असेल, तरच सध्या ते काम काढावे.

काम झाल्यावर घोडबंदर रस्त्यावर थोडे अंतर ब्रेक कमी वापरत चालवून गाडी थांबवावी आणि दोन्ही हबजवळ हाताची मागची बाजू नेऊन उष्णतेची तुलना करावी. थोडे कोमट असणे ठीक. एक बाजू हात लावू न देण्याइतकी तापली, तर नट जास्त आवळलेला आहे किंवा ब्रेक धरत आहे, आणि तशी गाडी पुढे नेऊ नये. चाकाचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत आणि त्याच वेळी चाक उचलून ढिलेपणा एकदा तपासावा.