ग्रीक ज्योतिष मुळातून शिकायचं आहे: क्रम, साधनं आणि गणित याबद्दल मदत हवी

मृद्गंध

नमस्कार मंडळी. पराशरी (आपली नेहमीची भारतीय) पद्धत नीट येते, ताजिकातलं (अरबी-फारसी वळणाच्या भारतीय शाखेतलं) वर्षफल थोडंफार येतं. आता इसवी सनाच्या पहिल्या ते सातव्या शतकातलं ग्रीक ज्योतिष मूळ ग्रंथांवरून शिकायचं आहे. राशीवरून स्वभाव सांगणारं आजचं पाश्चात्त्य ज्योतिष नको, जुनंच हवं. प्रश्न असे:

१. सुरुवात टॉलेमीपासून (दुसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा खगोलज्ञ) करावी का? सगळीकडे त्याचंच नाव पुढे येतं.
२. ग्रीक भाषा शिकल्याशिवाय जमेल का?
३. सायन (विषुवबिंदूपासून मोजलेल्या राशी) घ्यायचं की निरयन (ताऱ्यांना धरून मोजलेल्या)?
४. एका कुंडलीत (सायन) लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारा अंश, वृषभ २०°, सूर्य कन्या १२°, चंद्र मकर ५° आहे. भाग्यबिंदू (लग्न, सूर्य आणि चंद्र यांवरून गणिताने काढलेला बिंदू) एका ठिकाणी मकर २७° येतो, दुसऱ्या ठिकाणी कन्या १३°. बरोबर कोणता?

---

गोदाकाठ

चौथ्यापासून सुरू करतो, कारण ग्रीक पद्धतीची पहिली पायरी तिथेच आहे.

ग्रीक ज्योतिषात कुंडली हातात आली की सर्वात आधी ती दिवसाची की रात्रीची हे ठरवतात. सूर्य क्षितिजाच्या वर असेल तर दिवसाची. तुमच्या उदाहरणात मेषेच्या आरंभापासून मोजलं तर लग्न ५०° आणि सूर्य १६२° (चंद्र २७५°), म्हणजे सूर्य लग्नाच्या ११२° पुढे. लग्नापासून पुढचे १८०° क्षितिजाखाली असतात, म्हणून ही रात्रीची कुंडली.

दिवसाचं सूत्र: लग्न + चंद्र − सूर्य. रात्रीचं: लग्न + सूर्य − चंद्र.
५० + १६२ − २७५ = −६३. त्यात ३६० मिळवले की २९७, म्हणजे मकर २७°. हेच बरोबर.

कन्या १३° हे दिवसाच्या सूत्राचं उत्तर. टॉलेमी रात्रीही सूत्र उलटवत नाही, म्हणून त्याला मानणाऱ्या ठिकाणी तसं दिसतं. पण तो आकडा फेकून देऊ नका. रात्रीच्या कुंडलीत तोच दुसरा महत्त्वाचा बिंदू, दैमोनचा, ठरतो. भाग्यबिंदूवरून शरीर आणि प्रकृती बघतात, दैमोनवरून कर्म आणि उपजीविका.

तुम्हाला ताजिक येतं म्हणून एक इशारा. पुण्यसहम (ताजिकातला भाग्यबिंदू) काढताना लग्न दोन ग्रहांच्या मधल्या कमानीत नसेल तर आपण एक राशी मिळवतो. ग्रीक सूत्रात ती राशी मिळवायची नाही. हाताच्या सवयीने ती मिळवली जाते आणि बिंदू बरोबर ३०° पुढे जातो. अंश-कला तशाच राहत असल्याने चूक नजरेला येत नाही.

---

चित्राक्षी

गोदाकाठ यांच्याशी सहमत. ग्रंथांबद्दल लिहिते.

टॉलेमीपासून सुरुवात करू नका. त्याचं चार भागांचं पुस्तक सुबक आहे, पण त्याने परंपरेतलं बरंच गाळलं आहे. भाग्यबिंदू सोडला तर बाकीचे बिंदू जवळपास टाकून दिले आहेत आणि उदाहरणाची कुंडली एकही नाही. तो तिसरा किंवा चौथा वाचायचा.

माझ्या मते क्रम असा असावा. आधी पॉलस अलेक्झांड्रिनस (इ.स. ३७८). छोटा, पाठ्यपुस्तकासारखा, व्याख्या स्पष्ट. मग दुसऱ्या शतकातल्या व्हेटियस व्हॅलेन्सच्या नऊ ग्रंथांपैकी पहिले दोन आणि चौथा. पहिल्यात ग्रह, राशी, हद्दा (प्रत्येक राशीचे ग्रहांना दिलेले पाच असमान भाग). दुसऱ्यात त्रिकोणस्वामी (एका तत्त्वाच्या तीन राशींचे स्वामी ग्रह), भाव (कुंडलीची बारा घरं) आणि बिंदू. चौथ्यात कालविभागणी, म्हणजे आयुष्याच्या दशा. व्हॅलेन्स धंदा करणारा ज्योतिषी होता आणि त्याने शंभराहून जास्त कुंडल्या दिल्या आहेत. एवढा सराव दुसऱ्या कुठल्याही जुन्या ग्रंथात मिळत नाही. मार्क राइली यांचं त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर मोफत आहे. त्यानंतर डोरोथियस (पहिलं शतक). तो मुळात पद्यात होता, आज मुख्यतः अरबी भाषांतरातून मिळतो. ते अरबीही पहलवीवरून (जुनी इराणी भाषा) केलेलं, म्हणून एखादा नियम विचित्र वाटला तर लगेच त्यावर इमारत उभी करू नका.

भाषेसाठी थांबू नका. लिपीची २४ अक्षरं आणि शे-दीडशे पारिभाषिक शब्द सुरुवातीला पुरतात. गरज कुठे पडते, तर दोन भाषांतरकार एकाच संज्ञेला वेगवेगळे शब्द वापरतात तिथे. तेव्हा मूळ शब्द ओळखता आला की गोंधळ संपतो. वहीत चार रकाने करा: ग्रीक शब्द, अर्थ, ताजिकातला प्रतिशब्द, फरक. शेवटचा रकाना सगळ्यात जास्त भरेल.

---

मृद्गंध

दोघांचेही मनापासून आभार. चित्राक्षीताई, त्या चौथ्या रकान्यात नक्की काय येईल? केंद्र, पणफर, होरा हे शब्द तर आपल्याकडे ग्रीकांकडूनच आले ना?

---

चित्राक्षी

हो, आणि म्हणूनच घसरायला होतं. शब्द ओळखीचा असला तरी नियम तोच असेल असं नाही. सर्वात जास्त चुका इथे होतात:

दृष्टी. ग्रीकांकडे राशीवरून दृष्टी: ३-११, ४-१०, ५-९ आणि ७. ती सगळ्या ग्रहांना सारखीच. मंगळाची खास ८वी नाही. आपल्याकडे गुरू लग्नातून चौथ्या राशीला पूर्ण दृष्टीने बघत नाही, तिथे बघतो. २, ६, ८, १२ या राशी एकमेकींना दिसतच नाहीत, आणि या न दिसण्याला फलितात फार वजन आहे. लग्नेश (लग्नराशीचा स्वामी) लग्नापासून यातल्या एखाद्या स्थानी असेल तर तो स्वतःच्या घराकडे बघू शकत नाही असं धरतात. शिवाय दोन ग्रह केंद्रयोगात (एकमेकांपासून ४-१०) असले तर एकापासून मोजून दहाव्या राशीत बसलेला दुसरा ग्रह वरचढ.

उच्चांश, म्हणजे ग्रह आपल्या उच्च राशीत सर्वात बलवान असतो तो अंश. चंद्र ३, मंगळ २८, बुध १५, शुक्र २७ हे दोन्हीकडे सारखे. सूर्य मात्र मेष १९ (आपला १०), गुरू कर्क १५ (आपला ५), शनी तूळ २१ (आपला २०).

द्रेष्काण, म्हणजे राशीचा दहा अंशांचा तिसरा भाग. आपले १-५-९ या राशींचे स्वामी लागू नाहीत. मेषेच्या पहिल्या दहा अंशांना मंगळ, मग रवी, शुक्र, पुढे वृषभेला बुध, चंद्र, शनी, अशी एकच साखळी मीनेपर्यंत जाते. ताजिकात हाच क्रम आहे.

हद्दा मात्र तुमची तयारच आहे. मेष: गुरू ६, शुक्र ६, बुध ८, मंगळ ५, शनी ५. ताजिकातलं कोष्टक हेच. कोष्टक हाताने उतरवलंत तर बेरीज तपासा: शनी ५७, गुरू ७९, मंगळ ६६, शुक्र ८२, बुध ७६, एकूण ३६०.

आणि गट. रवी, गुरू, शनी दिवसाचे. चंद्र, शुक्र, मंगळ रात्रीचे. बुध सूर्याआधी उगवत असेल तर दिवसाचा, नाहीतर रात्रीचा. रात्रीच्या कुंडलीत शनी जास्त त्रासदायक, दिवसाच्या कुंडलीत मंगळ. हा एक नियम सोडला तर पुढचं सगळं फलित उलटसुलट होतं.

---

शुक्रोदय

तिसरा प्रश्न राहिला. शिकताना सायन घ्या आणि भाव राशीवरूनच धरा, म्हणजे लग्नाची अख्खी राशी पहिला भाव. ही आपल्या राशीकुंडलीचीच रीत असल्याने जड जाणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये अयनांश (सायन आणि निरयन यांतला फरक) शून्य केला की झालं, फक्त त्या सेटिंगवर छापून येणाऱ्या नक्षत्र-दशांकडे बघू नका.

पण व्हॅलेन्सच्या कुंडल्या पडताळताना तीन गोष्टी सांभाळा. त्याच्या पहिल्या ग्रंथातलं एक उदाहरण घेऊ: रोमन सम्राट हाड्रियनचं ४थं वर्ष, मेखिर १३, रात्रीचा पहिला तास.

तारीख. अलेक्झांड्रियाचं वर्ष थोथ महिन्यापासून सुरू होतं. थोथ १ म्हणजे २९ ऑगस्ट, पण पुढचं वर्ष ज्युलियन लीप असेल तर ३० ऑगस्ट. मेखिर सहावा महिना, प्रत्येक महिना ३० दिवसांचा, म्हणून मेखिर १३ हा वर्षाचा १६३ वा दिवस. इ.स. १२० लीप असल्याने ३० ऑगस्ट ११९ पासून मोजायचं. उत्तर ८ फेब्रुवारी १२०. लीपचा तो दिवस विसरलात तर ७ तारीख येते.

कॅलेंडर. सॉफ्टवेअर ज्युलियनवर आहे ना ते बघा. ग्रेगोरियन मागे ताणलं तर दुसऱ्या शतकाच्या बहुतांश भागात एका दिवसाचा फरक पडतो. खूण सोपी: बाकीचे ग्रह जुळतात आणि चंद्र मात्र १३ अंशांच्या आसपास चुकतो.

तास. रात्रीचा तास ६० मिनिटांचा धरू नका. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेचे १२ भाग, त्यातला पहिला.

एवढं करूनही सॉफ्टवेअरमधला सूर्य व्हॅलेन्सच्या आकड्यापेक्षा तीन-चार अंशांनी कमी दिसेल. ती तुमची चूक नव्हे. त्या काळच्या कोष्टकांचा आरंभबिंदू विषुवबिंदूशी जुळत नव्हता. राशी जुळते का बघा आणि पुढे जा.

---

मृद्गंध

हे कुठेच एकत्र मिळालं नव्हतं. आता कालविभागणीबद्दल विचारतो. वरचीच कुंडली, वय ३४ पूर्ण. वर्षेश (त्या वर्षाचा स्वामी ग्रह) कोण, आणि व्हॅलेन्सच्या चौथ्या ग्रंथातली राशींची मोठी दशा कशी मोजायची?

---

गोदाकाठ

वर्षेशाचं गणित म्हणजे आपली मुंथा (ताजिकात लग्नापासून दरवर्षी एक राशी पुढे सरकणारा बिंदू). पूर्ण झालेली वर्षं १२ ने भागा. ३४ ची बाकी १०, म्हणून वृषभेपासून दहा राशी पुढे मीन, अकरावा भाव. वर्षेश गुरू. चालू ३५वं वर्ष धरलंत तर मेष येते आणि मंगळ गळ्यात पडतो. मग तो गुरू जन्मकुंडलीत कुठे आहे, मीनेला बघतो का, रात्रीच्या कुंडलीत दिवसाच्या गटाचा म्हणून किती बळ देतो, हे बघायचं.

राशीदशेची वर्षं: कर्क २५, सिंह १९, मिथुन-कन्या २०, वृषभ-तूळ ८, मेष-वृश्चिक १५, धनू-मीन १२, मकर २७, कुंभ ३०. मकर आणि कुंभ दोन्ही शनीच्या, तरी आकडे वेगळे. तिथे ३० दोनदा लिहू नका.

वर्ष ३६० दिवसांचं, महिना ३० दिवसांचा. प्रकृतीसाठी भाग्यबिंदूच्या राशीपासून सुरू करायचं, म्हणजे इथे मकर. २७ वर्षं = ९७२० दिवस, नेहमीच्या कॅलेंडरने साधारण २६ वर्षं ७ महिने. ३६५ च्या वर्षाने मोजलं तर पहिलीच दशा साधारण साडेचार महिने लांबते आणि पुढे फरक वाढतच जातो.

अंतर्दशेत तेच आकडे महिने म्हणून घ्यायचे: मकर २७ महिने, कुंभ ३०, मीन १२... बारा राशींची बेरीज २११ महिने. मकरदशा ३२४ महिन्यांची, म्हणजे एक फेरी संपून ११३ महिने उरतात. इथे पुन्हा मकरेकडे न जाता समोरच्या राशीत, कर्केत उडी मारायची. कर्क, सिंह, कन्या, तूळ, वृश्चिक, धनू मिळून ९९ महिने, आणि शेवटी मकरेचे फक्त १४ महिने बसतात. दशा तिथेच संपते. ही उडी २११ महिन्यांपेक्षा मोठ्या दशांतच येते: मिथुन, कर्क, सिंह, कन्या, मकर, कुंभ. बाकी सहांमध्ये ती कधीच येत नाही, म्हणून सॉफ्टवेअर तूळदशेत उडी दाखवत असेल तर त्याचं सेटिंग चुकलेलं आहे.

---

चित्राक्षी

एक भर. जन्म अगदी अमावास्येचा किंवा पौर्णिमेचा असेल तर भाग्य आणि दैमोन दोन्ही बिंदू एकाच राशीत पडतात. तेव्हा दैमोनची दशा व्हॅलेन्स पुढच्या राशीपासून सुरू करतो.

मृद्गंध, तुमच्या कुंडलीचे त्रिकोणस्वामीही लावून बघा. रात्रीची कुंडली म्हणून चंद्राची राशी घ्यायची. मकर पृथ्वीतत्त्वाची, स्वामी रात्रीच्या क्रमाने चंद्र, शुक्र, मंगळ. आयुष्याच्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या टप्प्याला आधार कसा आहे ते या तिघांवरून बघतात. शुक्र आणि मंगळ कुठे आहेत ते इथे टाका, पुढचं वाचन करून बघू.