वैद्यकीय शब्द पाठ करायचे की आधी ग्रीक-लॅटिन धातू शिकायचे?

कौमुदी: एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्यांना, शरीररचनेच्या आधी धातू आणि प्रत्यय शिकवायलाच हवेत. शब्द शेवटाकडून फोडायचा. 'एक्टमी' म्हणजे कापून काढून टाकणं, 'ऑटमी' म्हणजे नुसता छेद, 'ऑस्टमी' म्हणजे तोंड करून देणं (ग्रीक 'स्टोमा', तोंड). मग गॅस्ट्रेक्टमीत जठर काढतात, गॅस्ट्रॉटमीत उघडतात आणि गॅस्ट्रॉस्टमीत अन्न भरवायच्या नळीसाठी पोटावर वाट करतात, हे घोकावं लागत नाही.

रानवारा: साफ अमान्य. प्रत्यय ठीक, पण धातू फसवतात. पीडिअ‍ॅट्रिक्समधला (बालरोगशास्त्रातला) 'पेड' ग्रीक, म्हणजे मूल; मणक्याच्या पेडिकलमधला (आखूड दांड्यासारख्या भागातला) लॅटिन, म्हणजे पाय. अ‍ॅनिमियाचा शब्दशः अर्थ 'रक्त नसणं', आणि प्रत्यक्षात कमी असतं ते हिमोग्लोबिन. 'मायलो' तर कहरच: मायलायटिसमध्ये सूज मज्जारज्जूला, ऑस्टिओमायलायटिसमध्ये हाडातल्या मगजाला. नवख्याने काय समजायचं?

कौमुदी: 'मायलो'चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ग्रीक 'मायलॉस' म्हणजे मगज. कण्याच्या पोकळीतला मऊ भाग ग्रीकांना मगजच वाटला. आपणही अस्थिमज्जा आणि मज्जारज्जू दोन्हीकडे 'मज्जा'च म्हणतो की! मराठी मुलाला हे एका वाक्यात पटतं. शिवाय अवयवांची नावं लॅटिन आणि रोगांची ग्रीक, हा नियम हाताशी असतो: मूत्रपिंडाची रीनल आर्टरी, पण त्याचाच रोग नेफ्रायटिस; फुप्फुसाची पल्मनरी व्हेन, पण त्याचाच रोग न्यूमोनिया.

सदाफुली: त्याला नियम म्हणू नका, कल म्हणा. यकृताच्या हिपॅटिक आर्टरीतला 'हिपॅट' ग्रीकच आहे. आणि खरी चूक वेगळ्याच ठिकाणी होते. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचं हाड, दोन्ही देवनागरीत 'इलिअम'. इंग्रजीत मधलं एकच अक्षर बदलतं: आतड्याला 'ई', हाडाला 'आय'. हायपर (जास्त) आणि हायपोचंही (कमी) तसंच, घाईत ऐकलं की उलटा अर्थ लिहिला जातो. इथे मूळ धातू ठाऊक असून भागत नाही, स्पेलिंग हाताने लिहूनच बसतं.

रानवारा: हेच म्हणतोय. आधी धातूंची यादी दिली की तीच एक नवी घोकंपट्टी होते. यकृत शिकवताना 'हिपॅट', पित्ताशयाच्या वेळी 'कोली' म्हणजे पित्त आणि 'सिस्ट' म्हणजे पिशवी, एवढंच सांगा. कोलीसिस्टेक्टमी त्याच तासाला फोडून दाखवा, समोर अवयव असताना.

कौमुदी: धातूंपुरतं चालेल. पण प्रत्यय पहिल्याच आठवड्यात हवेत, ते प्रत्येक अवयवाला लागतात.