निवडणूक संपली, आता कमिटी बरखास्त करायची की नाही?

धागाकर्ता:
निकाल लागून तीन आठवडे झाले. आम्ही हरलो, तेही थोडक्यात नाही. प्रचाराच्या ग्रुपवर रोज दोनेकशे मेसेज पडायचे, तिथे आता कोणाचा तरी वाढदिवस येतो आणि चार अंगठे उमटतात. परवा बैठक बोलावली. चाळिसातले सात आले, त्यातले पाच पदाधिकारी.

माझं म्हणणं सरळ आहे. सध्याची कमिटी पूर्ण बरखास्त करा. ती मतदानाच्या दिवसासाठी बनली होती. ज्याच्याकडे गाडी तो वाहनप्रमुख, ज्याचा उमेदवाराशी घरोबा तो समन्वयक. घाईत दुसरं काय करणार? पण ती घाईची पदं आता कायमची होऊ पाहताहेत, आणि ज्यांनी पदाशिवाय उन्हातान्हात पाय झिजवले ते गुपचूप गळताहेत.

तर सगळ्यांचे राजीनामे. तीन जणांची हंगामी समिती, मुदत ९० दिवस. कामं तीनच: हिशेब, याद्या आणि प्रत्येक कार्यकर्त्याला एक फोन. मग सर्व सभासदांच्या मतदानाने नवी कार्यकारिणी. आणि मुख्य अट अशी की हंगामी समितीतल्या तिघांनी त्या निवडणुकीला उभं राहायचं नाही.

हिशेबनीस:
पूर्ण असहमत. बरखास्त म्हणायला एक क्षण लागतो, निस्तरायला खजिनदार लागतो. बहुतेक देशांत निवडणूक खर्चाचा हिशेब ठरावीक मुदतीत सादर करावा लागतो. त्यावर सही कोण करणार, ज्याचा राजीनामा तुम्ही खिशात घातलाय तो? बँकेत सह्या बदलायच्या तर ठराव लागतो, आणि ठराव करायला कमिटी लागते. मंडपवाल्याचं बिल अजून बाकी आहे, तो हंगामी-बिंगामी ओळखत नाही.

आधी हिशेब बंद करा, सर्वांसमोर वाचून दाखवा, मग काय ती क्रांती करा.

मागच्या बाकावरचा:
हिशेबनीसांना +१, पण कारण वेगळं. बरखास्तीतून लोकशाही येतेच असं नाही. ब्रिटनमधल्या मोमेंटमचं पाहा. जेरेमी कॉर्बिन २०१५ मध्ये लेबर पक्षाचे नेते झाले आणि त्यांच्या त्या प्रचारातूनच ही संघटना उभी राहिली. पुढे वाद पेटला: निर्णय स्थानिक गटांच्या प्रतिनिधींनी घ्यायचे की सभासदांनी घरबसल्या ऑनलाइन मतदान करून? जानेवारी २०१७ मध्ये वरच्या समित्या ईमेलवरून बरखास्त झाल्या आणि नवी घटना लागू झाली. बाजू घेणारे म्हणाले, सामान्य सभासदाला हक्क मिळाला. विरोधक म्हणाले, वरून सत्ता काबीज केली. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, हीच तर गोची आहे. जो बरखास्त करतो तोच पुढचे नियम लिहितो.

धागाकर्ता:
@मागच्या बाकावरचा, म्हणूनच तर 'उभं राहायचं नाही' ही अट घातलीय हो! नियम लिहिणाऱ्याला खुर्ची नाही.

हिशेबाचा मुद्दा मात्र मान्य. खजिनदार हिशेब सादर होईपर्यंत राहतील.

मागच्या बाकावरचा:
अट कागदावर छान आहे. ते तिघे उभे राहणार नाहीत, त्यांची माणसं राहतील.

जुना खेळाडू:
दोन्ही बाजू खुर्च्याच मोजताहेत. गट मरतो तो काम संपल्याने. ओबामांच्या २००८ च्या प्रचारात लाखो स्वयंसेवक होते, सव्वा कोटीच्या वर ईमेल पत्ते जमले होते. २००९ च्या सुरुवातीला तो सगळा पसारा डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीखाली नेला. तिथून वरून निरोप येत राहिले: या विधेयकासाठी फोन करा, त्या विधेयकासाठी सही द्या. आपल्या भागात काय करायचं हे गटांनी ठरवायला फारशी जागाच उरली नाही. २०१० मध्ये प्रतिनिधीगृहातल्या ६३ जागा गेल्या. त्याला मंदीसह इतर कारणंही होती, सगळं खापर यावर फोडत नाही. पण माणसं होती, याद्या होत्या, आणि तरी धग राहिली नाही.

तेव्हा नवी कार्यकारिणी कशी निवडायची यावर ९० दिवस घालवण्यापेक्षा एक स्थानिक प्रश्न धरा. पाणी, बस, काहीही. त्यात जो सलग तीन महिने येतो, तोच तुमचा पदाधिकारी.

अवांतर: 'मूल्यमापन बैठक' ठेवू नका. तिथे मूल्यमापन होत नाही, उणीदुणी निघतात.

दारोदार:
मी फारशी लिहीत नाही, आज लिहिते. माझ्याकडे चार बूथ होते. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने खूण: बरोबर म्हणजे आपला, प्रश्नचिन्ह म्हणजे पुन्हा जायचं, फुली म्हणजे वेळ घालवू नका. समासात बारीक अक्षरात 'आजी आजारी, गाडी लागेल', 'कुत्रा आहे', 'संध्याकाळी सातनंतरच'. एका प्रश्नचिन्हाकडे मी पाच वेळा गेले. पाचव्यांदा त्यांनी आत बसवलं.

मोजणीच्या रात्रीपासून आजपर्यंत मला एकाही पदाधिकाऱ्याचा फोन नाही. गरज सरो, वैद्य मरो. तुम्ही कमिटी ठेवा नाहीतर बुडवा, मला पद नकोच आहे. पण ज्या लोकांना मी 'निकाल काहीही लागो, आम्ही पुन्हा येऊ' असं सांगून आले, ते आता रस्त्यात भेटतात तेव्हा मीच नजर चुकवते.

जुना खेळाडू म्हणतात तसं एक काम धरा, हे पटलं. फक्त उणीदुणी काढू नका हे पटलं नाही. ती निघू देत. आमची अजून कोणी ऐकलेलीच नाहीत.

हिशेबनीस:
@दारोदार, माफ करा. फोन करायला हवा होता, माझ्यासकट सगळ्यांनी. तरी बरखास्तीला माझा विरोध कायम आहे.

धागाकर्ता:
ताई, तुमच्या प्रतिसादाने मी माझाच क्रम उलटा करतो. आधी फोन, मग याद्या, मग हिशेब. राजीनाम्यांचं त्यानंतर बघू, पण बघूच. ती मागणी मी सोडलेली नाही.

त्या खुणांच्या याद्या सध्या कोणाकडे आहेत?

दारोदार:
तीन बूथच्या माझ्याकडे. चौथी उमेदवाराच्या पुतण्याने 'झेरॉक्स काढून देतो' म्हणून नेली, ती अजून आलेली नाही.